धारेवरची उभी रेघ

१

मी दृश्यफलक बनवतो. उंच ठिकाणी कठड्याला लागून छातीएवढ्या उंचीवर एक लांबलचक तिरपा पत्रा असतो, त्यावर समोरचे डोंगर रेघेने काढलेले असतात आणि प्रत्येक शिखरावर त्याचं नाव, उंची, अंतर लिहिलेलं असतं, तो. चार तास धापा टाकत वर आलेला माणूस समोरच्या डोंगरांकडे दोन मिनिटं बघतो आणि माझ्या पत्र्याकडे दहा. बोटाने शिखरं मोजतो, एखाद्या नावावरून बायकोशी वाद घालतो, फोटो काढतो आणि उतरतो. सव्वीस वर्षं मी या वादांची सोय करून देतो आहे.

काम दिसतं त्यापेक्षा किचकट असतं. आधी त्या जागेवर जाऊन डावीकडून उजवीकडे ओळीने फोटो घ्यायचे, एकवीस फ्रेम. घरी टेबलावर ते शेजारी शेजारी जोडायचे, वर ट्रेसिंग पेपर, डोळ्याला भिंग, आणि डोंगरांची रेघ उतरवायची. मग कारखान्यात ती पत्र्यावर छापतात, वर काचेसारखा इनॅमलचा थर देतात आणि आठशे अंशांच्या भट्टीत तीनदा भाजतात. त्यानंतर त्या पत्र्याच्या आत काही जात नाही, आतून काही बाहेर येत नाही. ऊन, बर्फ, नावं कोरणाऱ्या प्रेमिकांच्या किल्ल्या, सगळ्यांना तो पुरून उरतो.

आमच्या धंद्यात एक नियम आहे. पुढच्या वर्षी जे तिथे नसेल ते काढायचं नाही. ढग नाहीत, पक्षी नाहीत, माणसं तर नाहीतच. फोटोत माणसं फार येतात, कुठल्याही दगडावर कुणीतरी हात पसरून उभं असतंच. ती मी वगळतो. हाताला इतकी सवय झाली आहे की डोळ्याला विचारावंही लागत नाही.

पर्यटन कार्यालयातल्या कारकुनाचं पत्र आलं ते असं: 'वरच्या कठड्यावरील फलकावर समोरच्या धारेच्या मध्यभागी काळी उभी खूण दिसून येते. पर्यटक ते कोणते शिखर, अशी विचारणा करतात. तरी सदर खूण काढून टाकावी अथवा तिचे नाव लिहावे.'

मी पत्र दोनदा वाचलं. मग टेबलाचा खालचा खण उघडला, जो मी सहा वर्षांत उघडला नव्हता.

२

खणात त्या फलकाचं मूळ रेखाटन होतं. धार स्वच्छ होती. धार म्हणजे दोन शिखरांना जोडणारी डोंगराची लांब पाठ. कठड्यावरून समोर बघितलं की सगळ्यात आधी तीच दिसते. माझी रेघ तिच्यावरून कुठेही न अडखळता गेली होती. रेखाटनाखाली एकवीस फोटो होते. मी वरचे तेरा बाजूला ठेवले.

आता सांगूनच टाकतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

माझा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ, सहा वर्षांपूर्वी त्या डोंगरावर एकटा गेला आणि परत आला नाही. सहा फूट तीन इंच उंची, म्हणून सगळे त्याला लंब्या म्हणत. पायथ्याशी वर जाणाऱ्यांची नोंद ठेवणारी चौकी आहे, तिच्या वहीत त्याने 'पश्चिमेची घळ' असं लिहिलं होतं, म्हणून पाच दिवस सगळे पश्चिमेची घळ शोधत होते. मला घळीत उतरणं जमत नाही, गुडघे बोलतात. म्हणून तिसऱ्या दिवशी चौकीवाल्याने मला दुर्बीण दिली आणि वर कठड्यावर बसवलं. 'तुम्ही फक्त नजर ठेवा,' म्हणाला.

मी नजर ठेवली. पण त्या दिवशी हवा अशी काही स्वच्छ होती की तशी वर्षातून दोनदा मिळते. फलकाचं काम आधीच दोन महिने रखडलं होतं. कॅमेरा पाठीवरच्या पिशवीत होता, आणि तो का होता हे मी स्वतःला आजही नीट विचारलेलं नाही. अकरा वाजता मी ट्रायपॉड लावला, कॅमेऱ्यावर ऊन येऊ नये म्हणून माझी मोठी नारिंगी छत्री उघडली, आणि तीन वाजेपर्यंत एकवीस फ्रेम घेतल्या. दुर्बीण गळ्यात होती.

वीस दिवसांनी, शोध कधीच थांबलेला असताना, मी टेबलावर धारेची रेघ ओढत होतो. चौदाव्या फ्रेममध्ये धारेवर एक माणूस होता. हाताने सवयीने त्याला वगळलं आणि रेघ पुढे नेली. मग हात थांबला. मी भिंग बदललं. उंच, काटकुळा. डावा हात सरळ वर. उजवा खांद्यातून निखळल्यासारखा लोंबत होता. डाव्या गुडघ्याला काहीतरी तांबडं बांधलेलं. आणि तोंड थेट माझ्याकडे.

त्याला ती छत्री ओळखू आली असणार. किती वेळा त्यानेच ती माझ्यासाठी वाहिली होती. 'दाजी, तुमची ही छत्री चंद्रावरून दिसेल,' असं म्हणायचा. आणि मीच त्याला शिकवलं होतं, वाट चुकलास तर उघड्यावर ये, हात वर कर, आणि कुणी तुझ्याकडे बघतंय असं दिसलं की जागचा हलू नकोस. कॅमेरा त्याच्याकडे वळला, थांबला, हे त्याने पाहिलं असेल. तो हलला नाही.

वीस दिवस झाले होते. सांगून काय मिळणार होतं? मी मूग गिळून बसलो.

कारकुनाचं पत्र आलं त्या दुपारी खणातून मी चौदावा फोटो काढला आणि दिव्याखाली धरला. धारेवर कुणी नव्हतं.

मी तो उलटा केला, सुलटा केला. क्रमांक माझ्याच अक्षरातला, चौदा. दगड तेच, सावल्या त्याच. फक्त माणूस नव्हता. माझी पहिली भावना, लाज वाटते सांगायला, आनंदाची होती. म्हणजे कधी नव्हताच! धुळीचा कण, काचेवरचा ओरखडा, आणि मी सहा वर्षं स्वतःला उगाच खात होतो. मी खण बंद करून शीळ घालत चहा टाकायला गेलो. चहा उकळता उकळता डोक्यात आलं की फोटोतून जे गेलं ते कुठेतरी गेलंच असेल.

३

'मी पण येणार,' बायको म्हणाली.

ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. दिवसभर लोकांना लहान लहान होत जाणाऱ्या ओळी वाचायला लावते, आणि घरी आल्यावर माझ्या तोंडावरच्या लहान ओळी वाचते. म्हणून मी तिच्याशी बोलताना शक्यतो काहीतरी काम काढून बसतो. तेव्हा मी बूट पुसत होतो.

'काय करणार येऊन? एक डाग पुसायचाय. दमशील उगाच.'

'मी दमेन? जिना चढताना कोण थांबतं मधे?' तिने माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं. 'सहा वर्षं झाली. एकदा बघू दे ना मला ती जागा. आई पण विचारते.'

सासूबाई गावात बायकोच्या बहिणीकडे असतात. दर रविवारी फोन येतो, आणि दर रविवारी त्या काहीतरी निमित्ताने लंब्याच्या विषयावर येतात. तेव्हा बायको एकच वाक्य म्हणते: 'आई, त्याला कुणी पाहिलंच नाही ना गं, मग कुणाचा दोष?' हे वाक्य त्या दोघींनी मिळून कुठेतरी शोधून काढलं होतं आणि त्याच्या आधाराने त्या उभ्या होत्या. मी ते शेजारच्या खोलीतून ऐकायचो. एकदा तर ती फोन ठेवून आली आणि मला म्हणाली, 'तू होतास वर, म्हणून मला बरं वाटतं. तुझ्या नजरेतून सुटला नसता तो. म्हणजे नव्हताच तिथे.'

हे वाक्य मोडलं तर तिचं काय होईल याची मला भीती होती, असं मी स्वतःला सांगत असे. खरी भीती माझं काय होईल याची होती.

'ये,' मी म्हणालो. नाही म्हटलं असतं तर तिने का नाही, ते वाचलं असतं.

४

सकाळच्या पहिल्या बसने आम्ही रस्ता संपतो तिथवर गेलो. तिथे चौकी आहे, पत्र्याची एक खोली, आत स्टोव्ह, वही आणि चौकीवाला. म्हातारा आता आणखी वाळला होता. त्याने बायकोला ओळखलं आणि लगेच उठून आपली खुर्ची दिली.

'बसा ताई. चहा घेऊनच जा. वर फार वारं आहे आज.'

'डाग बघायला आलोय,' मी म्हणालो.

'डाग कसला तो?' त्याने कप पुसत माझ्याकडे पाहिलं. 'डाग एका जागी राहतो ना, फलकवाले? मी आठवड्यातून एकदा वर जातो. बर्फ वितळलं तेव्हा ते धारेच्या मधोमध होतं. मग डावीकडे सरकायला लागलं. गेल्या महिन्यात खिंडीजवळ होतं. मी कार्यालयात सांगितलं तर तो कारकून म्हणाला, काका, चष्मा बदला.'

बायको हसली. 'या माझ्या दुकानात, बदलून देते.'

'डोळे चांगले आहेत माझे, ताई,' तो म्हणाला. 'तेव्हाही चांगले होते. तिसऱ्या दिवशी आम्ही घळीतून वर येऊन बघायचो तर यांची ती नारिंगी छत्री कठड्यावर उघडलेली. पार तिकडून दिसायची. मी पोरांना म्हणालो, बघा, त्याचे दाजी वर आहेत, काळजी नको.'

बायकोने कप खाली ठेवला.

'छत्री?' ती म्हणाली. 'ती कॅमेऱ्याची छत्री?'

'ऊन होतं,' मी म्हणालो. 'डोक्यावर धरायला नेली होती.'

'तुझी टोपी होती ना?'

'ती पण होती.'

वहीत आमची नावं लिहिताना तिचं पेन एकदा थांबलं, एवढंच.

५

वाट पहिले दोन तास झुडपांतून जाते, मग झुडपंही साथ सोडतात. नुसते दगड आणि पिवळट गवत. डाव्या हाताला एक खोल घळ सोबत चालते आणि घळीपलीकडे खिंडीकडून येणारा उतार. पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडतानासुद्धा दम लागतो, इतकी हवा विरळ. अशा ठिकाणी मेंदू स्वतःच्या मनाने गोष्टी जोडतो, हे मी कितीतरी लोकांना समजावून सांगितलं आहे. उंचीवर ऐकू आलेल्या निम्म्या गोष्टी खोट्या असतात.

म्हणून घळीपलीकडे दगड सरकल्याचा आवाज आला तेव्हा मी लक्ष दिलं नाही. पुन्हा आला. आम्ही थांबलो, तो थांबला. आम्ही निघालो, तो निघाला. पण त्याची चाल आमच्यासारखी नव्हती. एक पाऊल टेकायचं, मग काहीतरी घासत यायचं, मग पुन्हा पाऊल. शेळी असेल, मी म्हटलं. लंगडी शेळी. इतक्या उंचीवर शेळी कशाला चढेल, हा प्रश्न मी विचारलाच नाही. आयुष्यभर नको ते प्रश्न न विचारण्याचा सराव होता.

बायको पुढे होती. ती मागे न बघता म्हणाली, 'लहानपणी माझ्या मागे मागे यायचा तो. मी म्हणायचे घरी जा, तर तेवढ्यापुरता झाडामागे लपायचा.'

'हं.'

'शोधताना हाका मारल्यात ना रे तुम्ही?'

'मारल्या की.'

'तू मारलीस?'

'घसा बसेपर्यंत,' मी म्हणालो. खोटं एवढ्या सहज निघालं की मलाच कौतुक वाटलं. त्या दिवशी वर मी चार तासांत एक शब्द उच्चारला नव्हता. फोटो घेताना मी श्वाससुद्धा जपून घेतो.

घळीपलीकडचं घासणं थोडा वेळ थांबलं. मग पुन्हा सुरू झालं, आमच्या थोडं पुढे.

६

वर कुणी नव्हतं. कामाचा वार होता. लोखंडी कठडा, एक बाक, आणि कठड्याच्या पलीकडे उतार सुरू होतो तो थेट खिंडीपर्यंत. समोर ती धार, डोळे दिपावेत इतकी स्पष्ट. तसलीच हवा होती, वर्षातून दोनदा मिळणारी.

मी पिशवी उतरवली, फडकं आणि साबणाची बाटली काढली आणि फलकाकडे गेलो. धारेचा मधला भाग स्वच्छ होता. मी रेघेवरून बोट डावीकडे नेत गेलो. खिंडीजवळही काही नव्हतं. मला हसू आलं. कारकून बरोबर, म्हाताऱ्याने चष्मा बदलायला हवा.

मग मी फलकाच्या डाव्या कोपऱ्यात पाहिलं. तिथे मी जवळचा उतार चार-सहा फटकाऱ्यांत सुचवला होता. जवळच्या गोष्टी फलकावर कुणी बघत नाही. त्या उतारावर तो होता. दाण्याएवढा नव्हे, माझ्या करंगळीएवढा. जवळ आलेली वस्तू जितकी मोठी दिसायला हवी, बरोबर तितकाच. अंतराचं गणित मी सव्वीस वर्षं करतो, त्यात चूक नव्हती.

नखाने खरवडलं. नख घसरलं. रेघ काचेच्या खाली होती, भाजलेली. आणि तिच्याकडे बघता बघता मला ओळख पटली, आधी त्याची नव्हे, हाताची. उभ्या रेघेच्या शेवटी पेन किंचित उजवीकडे ओढायची खोड फक्त माझ्या हाताला आहे. ही रेघ मी ओढली होती. कधी, ते मला माहीत नव्हतं.

मी फडक्याने तो कोपरा झाकला. उशीर झाला होता. बायको माझ्या खांद्याशी उभी होती.

'काढ ते फडकं,' ती म्हणाली.

७

ती बराच वेळ बघत राहिली. वाऱ्याने तिचे केस तोंडावर येत होते ते तिने बाजूला केले नाहीत. मी तोंडात आलेली सगळी कारणं जुळवत होतो: छपाईची चूक, गंज, कुणाचा तरी चावटपणा.

'लंब्या,' ती म्हणाली. आणि माझ्याकडे वळली तेव्हा तिचे डोळे भरले होते, पण चेहरा उजळला होता. इतक्या वर्षांत तिने माझ्याकडे असं पाहिलं नव्हतं. 'तू काढलंस त्याला. गुपचूप. कुणाला न सांगता.'

मी फडक्याची घडी घालायला लागलो.

'तुझा नियम मोडलास? त्याच्यासाठी?' तिने माझा हात धरला. 'आणि मला वाटायचं, तुला काहीच वाटत नाही. किती बोलले मी तुला मनातल्या मनात. वेडा आहेस का, सांगायचं नाही का?'

त्या क्षणी सगळं सांगता आलं असतं. खरं तर त्याहून योग्य क्षण पुन्हा येणार नव्हता. पण समोरून एवढं आयतं मिळत असताना हात मागे घेणारी माणसं वेगळी असतात.

'हो,' मी म्हणालो. 'मीच काढलं. राहवलं नाही.'

ती रडत हसली. मग माझ्या शर्टाच्या खिशातलं भिंग तिने स्वतःच काढून घेतलं आणि फलकावर वाकली. दुकानात एखाद्याच्या डोळ्यात बघताना ती अशीच वाकत असणार, एक डोळा मिटून, श्वास धरून.

'किती बारीक काढलंयस,' ती म्हणाली. 'केससुद्धा...' मग भिंग जरा खाली सरकवून, 'हा उजवा हात असा का आहे?'

'कसा?'

'लोंबतोय. खांद्यातून.' तिचा आवाज अजून मऊ होता. 'आणि गुडघ्याला काय बांधलंय? मफलर आहे ना तो त्याचा?'

'असंच. आठवणीतून काढलं.'

'आठवणीतून?' तिने मान वर केली नाही. 'त्याला कधी काही लागलं नव्हतं रे. एवढा हुंदडायचा, पण साधं हाड मोडलं नाही त्याचं. असा तो कधीच उभा राहिला नव्हता. कुणीच त्याला असं पाहिलेलं नाही.'

वारा एकदम पडला. ती भिंगातून बघतच राहिली. मी तिच्या मानेकडे बघत होतो. मानेवरची एक शीर उडत होती.

'छत्री कॅमेऱ्यासाठी होती,' ती म्हणाली. हा प्रश्न नव्हता.

८

तेव्हा हाक आली.

'दाजीऽऽ.'

लांबून नाही. कठड्याच्या खालून, चार-पाच हातांवरून. घसा पूर्ण बसलेला, पण आनंदाने भरलेला आवाज. खूप वेळ थांबल्यावर ओळखीचं माणूस दिसलं की निघतो तसा.

माझी बुद्धी अजून काम करत होती, याचं मला नवल वाटतं. ती म्हणाली, वारा आहे. ती म्हणाली, कठड्याचे गज पोकळ आहेत, त्यांतून वारा वाजतो. पण वारा तर पडला होता.

'दाजी. दिसलो ना?'

मग घासत येण्याचा आवाज, एक पाऊल, पुन्हा घासणं. कठड्याच्या खालच्या गजावर, बाहेरच्या बाजूने, एक हात आला. डावा. लांब बोटांचा, नखं तुटलेली, सांध्यांवरची कातडी उन्हाने काळी पडून चिरलेली. त्याने गज धरला आणि भार टाकला. गज करकरला. दुसरा हात आला नाही. हाताच्या मागून हळूहळू वर येणाऱ्या केसांचा वरचा भाग मला दिसायला लागला आणि मी डोळे फिरवले.

बायकोला हे सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं. पण ती तिकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. भिंग तिच्या हातात तसंच होतं.

'ओ दे त्याला,' ती म्हणाली.

माझी जीभ उचलत नव्हती असं सांगितलं तर ते खोटं होईल. जीभ चांगली उचलत होती. पण ओ दिली असती तर मी त्याला पाहिलं होतं हे कबूल झालं असतं, तिच्यासमोर आणि त्याच्यासमोर. त्या घडीलासुद्धा, तो हात तिथे असताना, मी हाच हिशेब करत होतो.

'कुणाला?' मी म्हणालो. 'काय झालं? मला तर कुणी दिसत नाही.'

केस वर यायचे थांबले. हात तसाच राहिला. पकड सैल झाली नाही, पण बोटं थरथरायला लागली. लहान मुलाला चारचौघांत कुणी ओळख दाखवली नाही की त्याचा चेहरा जसा होतो, तसं काहीतरी त्या बोटांचं झालं. हे कसं सांगावं ते मला कळत नाही.

बायको माझ्याजवळून गेली आणि कठड्यापाशी गुडघ्यांवर बसली. तिने खाली पाहिलं. तिला काय दिसलं ते तिने मला कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तिने आपला हात त्या हातावर ठेवला. तिच्या अंगावर शहारा आला तो मला पाठीमागून दिसला, पण तिने हात काढला नाही.

'दाजींना तू दिसला नाहीस रे,' ती त्याला म्हणाली. शाळेत पडून आलेल्या पोराशी बोलावं तसं. 'खरंच दिसला नाहीस. ऊन डोळ्यांवर होतं त्यांच्या. दिसला असतास तर धावत आले असते ना? जा तू. नको उभा राहूस आता. मी सांगते ना, जा.'

बऱ्याच वेळाने गजावरची बोटं एकेक करून सुटली. खाली दगड सरकले, थोडे, मग आणखी खाली, मग अगदी खाली. तो आवाज कितीतरी वेळ येत होता. तो संपेपर्यंत ती तिथेच बसून राहिली.

९

फलक स्वच्छ होता. मी उगाच साबण लावून पुसला.

उतरताना ती माझ्या पुढे चालत होती. दोनदा मी काहीतरी बोलायला गेलो, दोन्ही वेळा तिने चाल वाढवली. चौकीवाल्याने विचारलं, 'निघाला का डाग?' तिने 'निघाला' म्हटलं, वहीत आमच्या नावांपुढे परतीची वेळ लिहिली आणि त्याच्या पाया पडली. म्हातारा गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. मी बुटाची नाडी बांधायला वाकलो.

बस जवळजवळ रिकामी होती. मी दोघांच्या बाकावर खिडकीची जागा तिच्यासाठी सोडून बसलो. ती दाराजवळच्या एकट्या सीटवर, माझ्याकडे तोंड करून बसली. बस दोन वळणं उतरली तोच तिचा फोन वाजला. रविवार नव्हता, पण सासूबाईंना धीर निघाला नसणार.

'हो आई, जाऊन आलो,' ती म्हणाली. आवाज रोजच्यासारखा होता. 'हो, हाच होता तिसऱ्या दिवशी वर, नजर ठेवायला. दिवसभर होता.'

पलीकडून सासूबाई बराच वेळ काहीतरी विचारत होत्या. बायको ऐकत होती आणि माझ्या डोळ्यांत बघत होती, पापणी न हलवता. मी खिडकीबाहेर बघितलं, परत बघितलं, ती तशीच बघत होती.

'नाही गं,' ती शेवटी म्हणाली. 'मी स्वतः उभी राहून पाहिलं ना. तिथून काही दिसत नाही.'